पाळी जाण्याच्या वयात चेहरा लाल होतो, चरचरतो: आधी काय थांबवायचं आणि मग काय लावायचं

पन्नाशीच्या आसपास गाल वारंवार लाल व्हायला लागले, वर्षानुवर्षं वापरलेलं क्रीम अचानक झोंबायला लागलं, की आपण पहिलं काम एकच करतो: काहीतरी नवीन आणून लावतो. त्यानं चरचरलं की ते शमवायला आणखी एक. दोन महिन्यांत बाथरूमच्या फळीवर सात बाटल्या जमतात आणि चेहरा आधीपेक्षा जास्त लाल असतो. माझ्या वहिनीचं, दोन मैत्रिणींचं आणि माझंही हेच झालं. आमचा क्रम उलटा होता. या काळात चेहऱ्याला आधी विश्रांती लागते, मग ओलावा आणि ऊन अडवणं, आणि औषध किंवा सिरम सगळ्यात शेवटी.

असं का होतं, तेवढं आधी समजून घ्या. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी झालं की त्वचेतलं तेल आणि ओलावा धरून ठेवणारे घटक कमी होतात. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजेन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, जातं. त्वचा पातळ होते, खालच्या रक्तवाहिन्या जास्त दिसतात. सारवण उडालेल्या जमिनीसारखी तिची गत होते: ओल टिकत नाही आणि वरून पडेल ते आत मुरतं. त्यात दिवसातून चार-पाच वेळा गरम वाफा (हॉट फ्लॅशेस, म्हणजे अंगातून अचानक उठणारी धग) येत असतील, तर त्या रक्तवाहिन्या पुन्हा पुन्हा फुलतात.

## टप्पा १: लाली कोणती, ते आधी ओळखा

सकाळी उठल्यावर, तोंड धुण्याआधी, खिडकीपाशी आरसा घेऊन बसा. ट्यूबलाइटच्या उजेडात हे नीट कळत नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर लाली गुलाबी दिसेलच असं नाही. ती तांबूस, जांभळट, कधी नुसती गडद दिसते. म्हणून कित्येकजणी तिला वांग समजतात आणि वांगावरचं क्रीम लावतात. माझ्या पाहण्यातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

तपासून पाहा: पारदर्शक काचेचा पेला गालावर हलकेच दाबा. काचेखालचा रंग क्षणभर फिका पडला, तर तो रक्ताचा, म्हणजे लाली. जसाच्या तसा राहिला, तर वांग असण्याची शक्यता जास्त. दोन्ही एकाच गालावर असू शकतात. मग हाताची पालथी बाजू गालाला लावून पाहा. लाल गाल बहुधा कढत लागतो.

आता ती कुठे आहे आणि किती वेळ टिकते, ते पाहा. छातीपासून मानेवर चढत चेहऱ्यापर्यंत येणारी, घाम फोडून काही मिनिटांत ओसरणारी लाली म्हणजे गरम वाफ. गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाच्या मध्यावर ठाण मांडून बसलेली, चरचरणारी, मधूनच पुटकुळ्या आणणारी लाली रोझेशियाची, म्हणजे चेहरा वारंवार लाल करणाऱ्या त्वचाविकाराची, असू शकते. त्या पुटकुळ्यांबरोबर मुरुमांसारखे ब्लॅकहेड्स दिसत नाहीत, ही एक खूण. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपणं, ही दुसरी. नाकपुड्यांच्या बाजूच्या घडीत आणि भुवयांत पिवळट खपल्या असतील, तर तो कोंड्याच्या जातीचा विकार आहे आणि त्याचे उपचार वेगळे. केसांच्या रेषेपाशी, कानामागे, पापण्यांवर खाज आणि सूज असेल, तर संशय केसांच्या रंगावर घ्या. तो विषय पुढे सहाव्या टप्प्यात आहे.

दहा दिवस एका वहीत तीनच गोष्टी लिहा: लाली किती वाजता आली, किती वेळ राहिली, त्याआधीच्या तासाभरात काय केलं. चहा, ऊन, पोळ्या, जिना, वाद, तिखट, नवं क्रीम, जे असेल ते. रक्तदाबाच्या गोळ्या घेत असाल तर त्यांची नावंही लिहा. अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळीनं काहीजणींचा चेहरा तापतो. नियासिन हे जीवनसत्त्वही तेच करतं. गोळी आपल्या मनानं बंद मात्र करू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

सावधान: गालांवर फुलपाखराच्या आकाराची लाली, सोबत सांधेदुखी, तोंडात फोड किंवा उन्हानं वाढणारा त्रास असेल, चेहरा तापताना छाती धडधडत असेल, दम लागत असेल, जुलाब होत असतील, डोळे लाल आणि दुखरे असतील, तर पुढचे टप्पे बाजूला ठेवा आणि आधी तपासणी करून घ्या. बारा महिने पाळी न आल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर त्याचा चेहऱ्याशी संबंध नाही, पण स्त्रीरोगतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात जायला हवं.

## टप्पा २: फळी रिकामी करा

चेहऱ्याला लावता ते सगळं एका परातीत काढा. सगळं म्हणजे साबण, स्क्रब, टोनर, सिरम, नाइट क्रीम, वांगाचं मलम, मुलीनं आणून दिलेली ट्यूब, आणि स्वयंपाकघरातून येणारे लेपसुद्धा.

स्वयंपाकघराबद्दल स्पष्ट लिहिते, कारण घरगुती म्हणजे निरुपद्रवी हा समज फार घट्ट आहे. लिंबाचा रस तीव्र आम्ल आहे, आणि तो लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे डाग पडू शकतात. खायचा सोडा त्याच्या उलट टोकाचा, तोही त्वचेचा थर बिघडवतो. बेसन आणि मुलतानी माती उरलंसुरलं तेल ओढून घेतात. विशीतल्या तेलकट चेहऱ्याला जे मानवलं, ते आता मानवत नाही. तुरटी आकसून टाकते. हळदीची अ‍ॅलर्जी असणारी माणसं असतात. कुंडीतली कोरफड लावायचीच असेल, तर कापल्यावर निघणारा पिवळा चीक पूर्ण गळून जाऊ द्यायला हवा, तो झोंबतो. आणि वाफ घेणं तर बंदच. जो चेहरा आतून तापतोय त्याला पुन्हा वाफेवर धरायचं कशाला? उटण्याची दिवाळीतली परंपरा अंगापुरती ठेवा, चेहरा वगळा.

विकतच्या वस्तूंवर हे शब्द शोधा आणि असतील त्या बाजूला ठेवा: सुगंध, मेंथॉल, कापूर, निलगिरी किंवा पेपरमिंटचं तेल, अल्कोहोल डीनॅट, ग्लायकोलिक आम्ल, रेटिनॉल. लावल्यावर गारगार वाटतं म्हणजे ते शांत करतंय, असं नसतं. मेंथॉलचा गारवा हा नुसता भास असतो, आणि नाजूक त्वचेला तोच चिडवतो.

आता सगळ्यात महत्त्वाची ट्यूब. बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एक जरी नाव घटकांत असेल, तर ते स्टिरॉइड आहे. गोरेपणासाठी, वांगासाठी, खाजेसाठी अशी मलमं आपल्याकडे सर्रास चिठ्ठीशिवाय हातात पडतात. अशी बरीच मलमं २०१८ मध्ये सरकारनं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत घातली, तरी सवय गेलेली नाही. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळ आणि गुळगुळीत दिसतो. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, शिरांचं जाळं दिसायला लागतं, लव वाढते आणि मलम थांबवलं की चेहरा पेटतो. त्या आगीला घाबरून बाई पुन्हा तीच ट्यूब उघडते. मीही उघडली होती, सहा आठवडे लावत राहिले होते, आणि त्यातून बाहेर यायला पाच महिने लागले.

सावधान: स्टिरॉइड काही आठवड्यांहून जास्त लावलं असेल, तर ते एका झटक्यात बंद करू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, ते मात्रा उतरवत आणतात किंवा पर्यायी औषध देतात. ज्या गोऱ्या करणाऱ्या क्रीमवर घटकांची यादीच नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, ते मात्र लगेच बंद करा. अशा क्रीमांत पारा सापडलेला आहे, आणि केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये अशी क्रीमं लावणाऱ्या माणसांत मूत्रपिंडाचा विकार आढळला होता.

## टप्पा ३: चार ते सहा आठवडे तीनच गोष्टी

धुणं, ओलावा, सनस्क्रीन. बस्स. या दिवसांत चौथी वस्तू नाही, कितीही मोह झाला तरी.

धुणं. सकाळी नुसत्या पाण्यानं. रात्री एकदाच क्लिन्झरनं, तोही फेस न करणारा, बिनवासाचा. अंगाचा साबण चेहऱ्याला नको. निरोगी त्वचेचा पीएच (आम्लपणा मोजायचं माप) पाचच्या आसपास असतो आणि साबणाचा नऊ-दहा. पाणी किती गरम, याचा अंदाज मनगटाच्या आतल्या बाजूनं घ्या: गरमही नाही, गारही नाही, असं. शॉवरखाली चेहरा धरू नका, कारण अंगाला सुखावणारं गिझरचं पाणी गालांना फार होतं. बोअरचं जड पाणी असेल आणि धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटत असेल, तर चेहऱ्यापुरता एक तांब्या फिल्टरचं पाणी घेऊन पाहा. मऊ सुती पंचानं टिपा. घासायचं नाही.

ओलावा. चेहरा अजून दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावा. पूर्ण वाळल्यावर लावलं तर उपयोग कमी होतो. घटकांत सिरॅमाइड, ग्लिसरीन, पॅन्थेनॉल, पेट्रोलॅटम यांपैकी दोन-तीन असावेत आणि सुगंध नसावा. इथे एक बारीक फसगत आहे. वास न येणारी वस्तू आणि सुगंधी द्रव्य न घातलेली वस्तू, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत मूळ वास झाकायला दुसरा वास घातलेला असू शकतो. म्हणून पुढच्या बाजूच्या मोठ्या अक्षरांवर न जाता मागची यादी वाचा.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत हलकं लोशन पुरतं. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात, पुणे-नाशिकच्या थंडीत किंवा दिवसभर एसीत बसणाऱ्यांना जाड क्रीम लागेल. परदेशात हीटरच्या कोरड्या हवेत राहणाऱ्यांना रात्री त्यावर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात. खोबरेल तेल काहींना मानवतं, काहींना त्यानं पुटकुळ्या येतात. या आठवड्यांत ते बाजूलाच असू दे.

लावताना गालावर वाटाण्याएवढे ठिपके ठेवा आणि तळव्यानं दाबत पसरवा. वर्तुळाकार मालिश नको. चोळण्यानंही लाली वाढते.

सनस्क्रीन. ऊन हे लालीचं सगळ्यात मोठं कारण आणि सगळ्यात कमी गंभीरपणे घेतलेलं. झिंक ऑक्साइड असलेलं, एसपीएफ ३० किंवा वर, पीए (अतिनील अ किरणं अडवण्याची खूण) तीन प्लस किंवा चार प्लस. किती? तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ, एवढं चेहरा आणि मानेला. बहुतेकजणी याच्या निम्मंही लावत नाहीत, आणि मग सनस्क्रीनचा उपयोग होत नाही म्हणतात. मॉइश्चरायझर मुरायला पाच-दहा मिनिटं द्या, मग सनस्क्रीन, मग पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. घरी असणाऱ्यांनीही लावायला हवं, कारण खिडकीच्या काचेतून अतिनील अ किरणं आत येतात. झिंकमुळे चेहरा राखेसारखा पांढरट दिसत असेल तर आयर्न ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्या. वांग असलेल्यांना त्याचा दुहेरी फायदा होतो. छत्री आणि रुंद काठाची टोपी यांना पर्याय नाही.

तपासून पाहा: दोन आठवड्यांनी साधं मॉइश्चरायझर लावताना चरचरतं का? नसेल, तर गाडी रुळावर आहे. अजून चरचरत असेल, तर तुम्ही नकळत काहीतरी चौथं लावताय, नाहीतर त्या मॉइश्चरायझरमधलाच एखादा घटक सोसत नाही. ते बदला, पण एका वेळी एकच वस्तू. या वयात त्वचेचा वरचा थर नव्यानं तयार व्हायला महिन्याहून जास्त लागतो. आठव्या दिवशी निकाल मागू नका.

## टप्पा ४: धग कमी करा

हा टप्पा तिसऱ्याच्या बरोबरीनं चालतो. क्रीमच्या जाहिरातीत तो कधी सापडणार नाही, पण मला सगळ्यात जास्त फरक यानंच पडला.

बारा पोळ्या करताना चेहरा वीस मिनिटं तव्यावर वाकलेला असतो. पोळ्या लाटून घ्या आणि मग भाजा, म्हणजे तव्यापुढचा वेळ कमी होतो. ओट्यापाशी खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू. कुकरचं झाकण आणि उकळत्या पातेल्यावरची ताटली उघडताना चेहरा बाजूला. उन्हाळ्यात स्वयंपाक सकाळी लवकर उरकता आला तर उत्तम, आणि घरात आणखी हात असतील तर तव्यासमोरची पाळी वाटून घ्या. हे मागण्यात संकोच कसला!

चहा सोडायची गरज नाही. उकळता न पिता पाच-सात मिनिटं थांबून प्या. अनेकींना त्रास चहाचा नसून त्याच्या गरमपणाचा असतो. ठेचा आणि मिसळ यांचा निकाल तुमची वही देईल. प्रत्येकीला तिखट बाधतंच असं नाही, तेव्हा उगाच सगळं आळणी करू नका.

गरम वाफ येतेय असं जाणवलं, की पंख्याखाली बसा, पदर-ओढणी सैल करा, गार पाण्याचे घोट घ्या आणि गार पाण्यात पिळलेला रुमाल मानेवर ठेवा. तो चेहऱ्यावर नको, मानेवर. बर्फ थेट गालावर घासू नका. क्षणभर बरं वाटतं आणि मग चेहरा दुप्पट तापतो. वाफ ओसरल्यावर घाम टिपून, साध्या पाण्याचा हबका मारून, मॉइश्चरायझरचा पातळ हात फिरवा. वाळलेला घाम झोंबतो. रात्री वाफांमुळे झोपच मोडत असेल, तर तो क्रीमचा विषय उरत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. हार्मोनची औषधं घ्यायची की नाही, हे तुमचा रक्तदाब, घरातला स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका हे सगळं पाहून ठरतं. नुसत्या चेहऱ्यासाठी ती कुणी सुरू करू नयेत.

## टप्पा ५: नवी वस्तू, पण परीक्षा घेऊन

चेहरा किमान दोन आठवडे शांत राहिल्यावरच इथे या.

नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागी, दिवसातून दोनदा, सलग सात दिवस लावा. एकदा लावून अर्ध्या तासानं पाहणं ही परीक्षाच नव्हे, कारण अ‍ॅलर्जी दोन-तीन दिवसांनी उमटते. तिथे काही झालं नाही, तर जबड्याच्या कडेला तीन रात्री. मग पूर्ण चेहऱ्यावर, एक दिवसाआड. दोन नव्या वस्तूंमध्ये दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर त्रास झाल्यावर आरोपी कोण हे कळणार नाही.

पहिली कोणती आणायची? माझं मत अ‍ॅझेलेइक आम्लाच्या बाजूनं आहे. लाली, पुटकुळ्या आणि मागे राहणारे डाग, तिन्हींवर ते चालतं. रोझेशियासाठी १५ टक्क्यांचं जेल वापरतात. सुरुवातीला थोडी चुणचुण होते, म्हणून मॉइश्चरायझरवर लावा. आग झाली किंवा सूज आली तर धुऊन टाका. नियासिनामाइड घ्यायचं तर दोन ते पाच टक्क्यांचं. दहा टक्क्यांनी काहीजणींचा चेहरा लाल होतो. सुरकुत्यांसाठी रेटिनॉल हवंच असेल तर सगळ्यात शेवटी, आठवड्यातून एका रात्री.

## टप्पा ६: केसांचा रंग, पार्लर आणि टिकली

चेहऱ्याची इतकी काळजी घेऊन महिन्यातून एकदा डोक्याला डाय लावला आणि सगळं पाण्यात गेलं, असं होतं. काळ्या रंगात पीपीडी नावाचं रसायन असतं. वीस वर्षं निर्धास्त लावलेल्या रंगाची अ‍ॅलर्जी एकविसाव्या वर्षी होऊ शकते. प्रत्येक वेळी, हो, प्रत्येक वेळी, ४८ तास आधी कानामागे थेंबभर लावून पाहा. एकदा त्रास झाला असेल, तर पुन्हा पाहूसुद्धा नका. मेंदीचा रंग नारिंगी-तपकिरी असतो. केस काळेभोर करणाऱ्या मेंदीत बहुधा हेच रसायन मिसळलेलं असतं.

ब्लीच, चेहऱ्याचं वॅक्सिंग आणि वाफ देऊन केलेलं फेशियल बंद. भुवयांचं थ्रेडिंग चालेल, पण गालांचं नको, आणि नंतर लावायची गार जेल घरून आणा म्हणजे पार्लरची सुगंधी जेल टळेल. टिकलीच्या जागी खाज किंवा पांढरट डाग दिसला तर तिच्यातल्या गोंदाचा संशय घ्या आणि टिकली थांबवा.

## टप्पा ७: डॉक्टरांकडे जाताना

सहा आठवडे हे सगळं नीट केलं आणि लाली तशीच आहे, पुटकुळ्या आहेत, शिरा दिसतायत, तर घरगुती प्रयोगांची मुदत संपली. रोझेशियासाठी मेट्रोनिडॅझोल, आयव्हरमेक्टिन १ टक्का, कमी मात्रेतलं डॉक्सिसायक्लिन अशी चांगली औषधं आहेत, पण निवड त्वचारोगतज्ज्ञांची. मैत्रिणीची चिठ्ठी दुकानात दाखवून आणू नका. त्वचा फारच कोरडी झाली असेल आणि थकवा, वजनवाढही असेल, तर थायरॉइडची टीएसएच तपासणी करायची का तेही विचारा.

त्या दिवशी चेहरा कोरा ठेवा. पावडर नको, सनस्क्रीनही तपासणी झाल्यावर लावा. लाली भरात असतानाचे, उजेडात काढलेले तीन-चार फोटो मोबाइलमध्ये असू द्या, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत ती हमखास उतरते. दहा दिवसांची वही, सगळ्या गोळ्यांची यादी आणि टप्पा दोनमधल्या सगळ्या ट्यूबा एका पिशवीत घालून न्या. आणि स्टिरॉइड लावलं असेल तर किती महिने, दिवसातून किती वेळा, हे न विचारता सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून हेच नेमकं लपवलं जातं, आणि मग उपचार चुकीच्या अंदाजावर सुरू होतात.